हनुमंतनानांची गाडी ‘होय’ म्हणते

गाडी रडली, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता कुणाला आठवत नाही. पण ती रडताना पाहिलेल्यांची संख्या मात्र रोज वाढत होती. दहाव्याला भीमेच्या काठावर असतील-नसतील तर दीडशे माणसं होती. आठवडा उलटेपर्यंत ‘म्या सवताच्या डोळ्यांनी बघितलं’ म्हणणारे मांडवगण फराट्यात पाचशे झाले, आणि त्यांतले निम्मे तरी त्या दिवशी शिरूरच्या बाजारात होते.

घडलं ते एवढंच. हनुमंतनानांचा दहावा होता. पिंड मांडला होता आणि रिवाजाप्रमाणे नानांच्या आवडीच्या वस्तू त्याच्याजवळ ठेवल्या होत्या: टोपी, चष्मा, पानाचा डबा, शर्टाच्या खिशातल्या चार चिजा. सगळ्यात लाडकी वस्तू काही पिंडापाशी मावणारी नव्हती, म्हणून त्यांच्या मुलानं, खंडूनं, ती घाटाच्या वर वडाखाली आणून उभी केली होती. ती म्हणजे नानांची गाडी.

माणसं हात जोडून कावळ्याची वाट पाहत होती. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याची इच्छा उरली नाही असं मानतात, आणि शिवला नाही तर घरचे एकेक वचन देत बसतात. खंडूची तीन वचनं देऊन झाली होती. चौथं काय द्यावं ते त्याला सुचत नव्हतं, तेवढ्यात एक कावळा उतरला, उड्या मारत पुढे आला, आणि त्याच क्षणी वडाखाली उभी असलेली, कुलूप लावलेली, आत चिटपाखरू नसलेली गाडी किंचाळायला लागली. दिवे लागत-विझत होते. दीडशे माणसं गर्रकन वळली. बायकांनी पदर तोंडाला लावले. दोन म्हातारे नदीच्या बाजूला पळाले, जिकडं पळायला जागाच नव्हती.

सगळा जमाव गाडीकडं धावला. आवाज आपोआप थांबला. तेवढ्यात प्रवचनाला बोलावलेल्या रखमाजीबुवांचा खडा सूर घाटावरून आला.

“कावळा शिवंना! आन् शिवंल कसा? हनुमंतराव हितं हायेतच कुठं? त्ये तिथं हायेत!” आणि त्यांचं बोट गाडीवर स्थिरावलं.

पिंड तोवर बुवांनी स्वतःच्या हातानं पाण्यात सोडला होता.

हनुमंतनाना मूळचे मेंढपाळाच्या घरातले. त्यांच्या वडिलांनी मेंढरांमागं चालत उभा जन्म काढला. नाना मात्र कोरेगाव भीमाच्या बाजूच्या एका गाड्यांच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर म्हणून लागले. दुसऱ्यांच्या नव्याकोऱ्या गाड्या खड्ड्यांतून, चिखलातून बेफाम पळवायच्या आणि त्या कुठं मोडतात ते पाहायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. निळी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली. सहा मोजेपर्यंत शंभरचा वेग गाठायची. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव घोरपड ठेवलं. पार्वतीबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, “हिच्यात बसायचं म्हंजी पाटावर बसायचं, आन् उठायचं म्हंजी दोघांनी धरायचं.” तरी दर शनिवारी केडगावपर्यंत चक्कर मारायला त्याच आधी तयार होऊन बसायच्या.

नानांची मुलगी प्रतिभा दौंडच्या शाळेत विज्ञान शिकवते. दहाव्याला गाडी किंचाळली तेव्हा तीही इतरांसारखीच दचकली होती. एक क्षणभर तिच्या ओठांवर ‘नाना’ असा शब्दही आला होता. तो तिनं गिळला आणि त्याबद्दल कुणालाच काही सांगितलं नाही.

मग सुरू झाले गुरुवार आणि रविवार. त्या दोन दिवशी बुवा भीमेपल्याडच्या आपल्या मठातून यायचे. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये घोरपड उभी, तिच्याभोवती रांगोळी, आणि बॉनेटवर हार. बुवांची पहिली आज्ञा अशी, की गाडीपासून पाच हात लांब राहायचं आणि कुणीही तिला हात लावायचा नाही. “चटका बसंल. आत्म्याचा चटका म्हंजी साधा न्हाई, चारशे चाळीसचा असतो!” डाव्या खांद्याला भंडाऱ्याची पिवळीधमक झोळी. उजव्या हातानं चिमूट उधळायची, डावा हात कायम झोळीत. मागं दोन झांजकरी.

“आत्मा म्हंजी काय?” बुवा विचारायचे, आणि उत्तराची वाट न पाहता सांगायचे, “सिग्नल! देह म्हंजी काय? हँडसेट! हँडसेट जळाला, मंग सिग्नल कुठं जाईल? जिथं रेंज मिळंल तिथं! हनुमंतरावांना गाडीत रेंज मिळाली. फुल रेंज!”

झांजा झणझणायच्या. बुवा डोळे मिटायचे.

“हनुमंतराव, आत हायेत का?”

गाडी म्हणायची, “टीव!”

एकदा वाजली तर होय, दोनदा वाजली तर नाही, हे बुवांनीच ठरवून दिलं होतं. गावाला एवढं पुरे होतं. जन्मभर फारसं न बोलणारे नाना मेल्यावर भलतेच बोलके झाले. शेतात बोअर घ्यावी का, पोराला रांजणगावला नोकरी लागंल का, सगळ्याला त्यांच्यापाशी उत्तर होतं. शेजारचे ज्योतिबा आप्पा विचारून बसले, “माझी म्हस गाभण हाय का रं, हनमा?” गाडी होय म्हणाली. महिन्याभरात म्हैस नाही म्हणाली. पण म्हशीवर कोण विश्वास ठेवतो?

दुसऱ्या रविवारी बुवांनी हळूच मुद्द्याला हात घातला. “हनुमंतराव, आत कोंडल्यासारखं हुतंय का?”

“टीव!”

“गाडी मठाच्या चरणी आली तर मोकळे व्हाल का?”

“टीव!”

पार्वतीबाईंनी आधी काचा खाली करायला लावल्या.

त्या दिवसापासून गाडीच्या दोन्ही काचा चार बोटं खाली असायच्या. श्वास घ्यायला. पार्वतीबाई सकाळ-संध्याकाळ ताट घेऊन शेडमध्ये जायच्या, पाच हातांवर बसायच्या आणि गाडीनं होय म्हटल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. गाडी तर गुरुवारी आणि रविवारीच बोलायची. मधले दिवस अर्ध्या भाकरीवर. शुगरच्या गोळ्या मात्र पूर्ण. एका मंगळवारी त्या हंड्यापाशी चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी प्रतिभाला बाजूला घेऊन सांगितलं, “उपाशीपोटी या गोळ्या घेणं असंच चालू राहिलं, तर पुढच्या वेळी मला बोलावून उपयोग होणार नाही.”

प्रतिभानं आईला जवळ बसवलं. “आई, नाना गाडीत नाहीत.”

“तू बघितलंस?”

“तू तरी कुठं बघितलंस?”

“म्या ऐकलंय.” पार्वतीबाई शांतपणे म्हणाल्या. “चाळीस वरीस ह्यांनी माज्या कुटल्याच बोलण्याला धड होय म्हटलं न्हाई. आता म्हणत्यात. आन् तू म्हंतीस, ते बी खोटं?”

खंडू तर सरळच म्हणाला, “आक्का, लई पुस्तकं वाचून तुझं काळीज दगडाचं झालंय. पुढल्या रविवारी गाडी मठाला द्यायची. वारस म्हणून आई सही करणार हाय. नाना मोकळे हुतील, आई जेवंल. ईषय संपला.”

त्या गुरुवारी प्रतिभा गर्दीत उभी राहिली. बुवांकडं मात्र तिनं पाहिलं नाही. सगळे बुवांकडं पाहत होते, म्हणून ती गाडीच्या दाराकडं पाहत राहिली. जुन्या धाटणीची दारं. काचेच्या कडेला छोटी काळी खुंटी, कुलूप लागलं की खाली जाणारी आणि उघडलं की वर येणारी.

बुवांनी विचारलं, “हनुमंतराव, लेकरांवर राग हाय का?”

“टीव, टीव.” नाही. खुंटी वर आली.

“आईसायबांनी उपास चालू ठेवावा का?”

“टीव.” होय. खुंटी खाली गेली.

तिनं नऊ प्रश्न मोजले. नऊच्या नऊ वेळा नाना नाही म्हणताना कुलूप उघडत होते आणि होय म्हणताना लावत होते. आत्म्याला दार उघडायची गरज काय, आणि तेही फक्त नकार देताना?

शुक्रवारी ती शिरूरला गेली. बायपासला मोनालीचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. दारावर निळी ‘जय भीम’ची पट्टी, आत सीट कव्हरांचे ढीग आणि कानामागं टेस्टर खोचलेली मोनाली. घोरपडीला चोरांपासून वाचवणारा अलार्म दोन वर्षांपूर्वी तिनंच बसवला होता.

“काका ना? देवा, ते गिऱ्हाईक मी मरेपर्यंत विसरणार नाही!” मोनाली हसली, मग एकदम गंभीर झाली. “ऐकलं मी ताई. वाईट झालं. बसा.”

प्रतिभानं सगळं सांगितलं. कावळ्यापासून खुंटीपर्यंत.

“आमच्यात कावळ्याचं काम नसतं ताई, त्यामुळं त्यातलं मला कळत नाही,” मोनाली म्हणाली. “पण एक टीव म्हणजे लॉक, दोन टीव म्हणजे अनलॉक. हे कावळ्यालाबी कळंल. काकांनी अलार्म कसा निवडला, आठवतंय का तुम्हाला?”

आठवत होतं. त्या दिवशी प्रतिभाही बरोबर होती. पहिला अलार्म सहा सुरांत वाजणारा, नाना म्हणाले, “वरात काढायची न्हाई मला.” दुसरा स्वस्त, मोनालीनं तो टेबलावर लावून दाखवला आणि रस्त्यावरून टिपर गेला तसा तो बोंबलला. “ह्यो तर माझ्याच सायलेन्सरला भिऊन रडंल,” नाना म्हणाले. जोरकस इंजिनाच्या गाडीला असला हळवा अलार्म चालत नाही. वीज किती खातो, महिनाभर गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरंल का, कुणी गाडी उचलून टेम्पोत घातली तर कळंल का, असे दीड तास प्रश्न विचारून त्यांनी तिसरा घेतला. त्याच्याबरोबर दोन रिमोट होते. एक साधा, किल्लीबरोबर अडकवायचा. दुसरा मोठा, छोट्या पडद्याचा. या मोठ्याचं वैशिष्ट्य असं, की तो गाडीला हुकूम तर देतोच, शिवाय गाडीला कुणी धक्का दिला तर लांबवर मालकाच्या खिशात स्वतःच ओरडतो.

बसवायला अख्खा दिवस गेला. कंपनीची एकही वायर तोडू द्यायची नाही, जोड सोल्डरचा डाग देऊनच पक्का करायचा, सायरन चाकाच्या कमानीत असा लपवायचा की चोराला सापडता कामा नये. “त्याची वायर कुठं हाय ते तिघांनाच ठावं पायजे,” नाना म्हणाले होते. “मला, ह्या पोरीला आन् गाडीला.” शेवटी बॉनेटवर टकटक करून त्यांनी धक्क्याचा काटा जुळवून घेतला: मांजर बसलं तर गप्प, तळहात बसला तर बोंब.

आणि मग तो खेळ सुरू झाला. प्रतिभा दौंडहून आली, की दाराशी पोचताच बॉनेटवर एक थाप मारायची. अंगणात गाडी ओरडायची आणि लांब शेतात नानांच्या खिशात रिमोट. नाना तिथूनच हाक द्यायचे, “आली का गं मास्तरीण?” ते गेल्यापासून तिनं बॉनेटला हात लावला नव्हता.

“तो मोठा रिमोट आता कुठं आहे?” मोनालीनं विचारलं.

घरी येऊन प्रतिभानं तेच खंडूला विचारलं.

“पिंडापाशी ठिवला हुता. नानांच्या खिशात कायम असायचा म्हणून. पिंडासंगट नदीत गेला आसंल.”

“आणि बाकीच्या वस्तू? टोपी, चष्मा?”

“त्या गठुड्यात बांधून बुवांना दान दिल्या. दहाव्याच्या वस्तू घरात परत आणत न्हाईत, तुला ठावं न्हाई?”

प्रतिभाला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं. म्हणूनच दान दिलेल्या गाठोड्यात काय होतं हे कुणी पुन्हा तपासत नाही.

रविवारी सकाळी मोनाली आली. मठापर्यंत बॅटरी टिकली पाहिजे, म्हणून तपासायला आले, असं तिनं खंडूला सांगितलं. चाकाच्या कमानीत कोपरापर्यंत हात घालून तिनं सायरनची वायर काढली, डॅशबोर्डखालून दिव्यांची काढली, आणि लोकांत जाऊन उभी राहिली.

दहाला बुवा आले. पाठोपाठ गाडी न्यायला ड्रायव्हर. कागद पाटावर, पेन कागदावर, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. पार्वतीबाई इरकली लुगडं नेसून बसल्या होत्या. चेहरा मात्र उतरलेला.

“हनुमंतराव,” बुवांनी भंडारा उधळला, “निघायचं का?”

गाडी गप्प.

“हनुमंतराव! निघायचं का?”

दाराची खुंटी खाली गेली, तेवढंच. टीव नाही, दिवा नाही.

“रुसलं जणू,” ज्योतिबा आप्पा म्हणाले.

“झांजा वाढवा!” बुवा ओरडले. झांजा वाढल्या. झोळीतला डावा हात कणीक मळावी तसा चालू लागला. खुंटी वर, खाली, वर, खाली. घाम भंडाऱ्यात मिसळून कपाळावरून पिवळा ओघळ आला.

“महाराज, रेंज गेली का?” मोनालीनं मागून विचारलं. दोन पोरी खुदकन हसल्या.

“अश्रद्ध माणूस हाय हितं कुणीतरी! आत्मा बोलंना!”

“मी आहे,” प्रतिभा म्हणाली. “आधी झांजा थांबवा.”

झांजा थांबल्या. खुंटी त्या वेळी खाली होती, म्हणजे अलार्म चालू होता. प्रतिभानं रांगोळी ओलांडली.

“बाई, हात लावू नका! चटका बसंल!”

“बसू द्या,” असं म्हणून तिनं बॉनेटवर थाप मारली. दौंडहून आल्यावर मारायची तशीच.

गाडी मुकीच राहिली. आणि बुवांची झोळी किंचाळायला लागली.

बुवा दोन्ही पायांवर उडाले. त्यांनी झोळी पोटाशी दाबली. ती आणखी मोठ्यानं ओरडली. त्यांनी ती खाली टाकली. भंडाऱ्याचा ढग उठला आणि त्यातून एक पिवळाजर्द रिमोट मातीत घरंगळला. पडदा लुकलुकत होता. गर्दी मागं सरली, मग पुढं आली.

“ह्यो नानांचा!” खंडूच्या तोंडून निघालं.

बुवांनी हार मानली नाही, हे मान्य करायलाच हवं. “बघा चमत्कार! हनुमंतरावांनी सवता आणून माझ्या झोळीत घातला!”

“थांबा,” खंडू म्हणाला. दुबईत असल्यामुळं दहाव्याला न आलेल्या मेव्हण्याला पाठवायचं म्हणून त्यानं मोबाईल स्टँडवर लावून चित्रण केलं होतं. पाठवायचं राहून गेलं होतं आणि बघायची हिंमत झाली नव्हती. आता त्यानं ते उघडलं. ज्योतिबा आप्पांनी चष्मा सावरून सगळ्या अंगणाला धावतं वर्णन ऐकवलं.

“कावळा आला... चष्मा बघतूय... आता रिमोट बघतूय, चमकतूय न्हवं... मारली चोच! आरं, त्यानंच बटण दाबलं की! गाडी बोंबलली. कावळा उडाला. आपण समदे पळालो गाडीकडं...”

माणसं सगळी गाडीकडं वळली होती. मोबाईल वळला नव्हता. तो पिंडाकडंच पाहत राहिला होता.

“कावळा परत आला! बसला पिंडावर! खातूय, खातूय... आन् ह्ये बघा बुवा. उपरण्यानं हाकलतूय कावळ्याला! रिमोट उचलला, उलटापालटा केला, घातला झोळीत. पिंड दिला ढकलून. आन् वर वरडतूय, कावळा शिवंना!” आप्पांनी मान वर केली. “आन् ह्या गड्याला म्या म्हशीचं विचारलं!”

अंगण असं हसलं, की शेडचा पत्रा वाजला. हसू ओसरेपर्यंत बुवा, झांजकरी आणि ड्रायव्हर रस्त्याला लागले होते. झोळी तशीच राहिली.

प्रतिभानं मग सगळं उलगडून सांगितलं. एक टीव, दोन टीव, खुंटी. गाडी वाजली की झोळीतला रिमोटही बारीक वाजायचा. तो ऐकू येऊ नये म्हणून झांजा होत्या. भलत्या वेळी धक्का बसून तो ओरडू नये म्हणून पाच हातांचा नियम होता.

“बुवाला हसलात, बरं केलंत,” ती म्हणाली. “पण रिमोट त्यानं चोरला, तेव्हा आपण दीडशे जण तिथं होतो. एकानंही विचारलं नाही, की बंद गाडी वाजली कशी. अलार्म ती वाजावी म्हणूनच तर लावलेला असतो! उद्या आणखी एखादी वस्तू बोलेल, रडेल, दूध पिईल. तेव्हा एवढंच विचारा, की बटण कुणाच्या हातात आहे? आणि जो म्हणेल हात लावू नका, त्याच्यासमोर हात जोडायच्या आधी एकदा हात लावून बघा. चटका बसलाच, तर मला दौंडला फोन करा.”

लोक पांगले. मोनालीनं वायरी परत जोडल्या, रिमोट फडक्यानं पुसून पार्वतीबाईंच्या हातात ठेवला आणि ती गेली. पार्वतीबाई पाटावरून हलल्या नव्हत्या. कागद कोराच होता.

“म्हंजी त्ये आत न्हाईत?”

“नाहीत, आई.”

“कोंडलेले न्हाईत?”

“कुठंच कोंडलेले नाहीत.”

त्यांनी गाडीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “मंग काचा वर घे. धूळ जाती आत. त्यांना धूळ खपत नव्हती.”

प्रतिभानं काचा वर घेतल्या. परत येऊन बसली, तर आईनं खंडूचा मोबाईल हातात घेतला होता. “त्यो कावळा पुन्यांदा दाव.”

खंडूनं दाखवला. कावळा परत येऊन पिंडावर बसला, इकडंतिकडं न बघता खाऊ लागला.

“शिवला की गं,” पार्वतीबाई म्हणाल्या. “चांगला पोटभर शिवला.”

प्रतिभाच्या मनात विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखं बरंच काही आलं. त्यातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात खरं तेवढंच ती बोलली.

“भूक लागली होती त्याला, आई.”

पार्वतीबाईंनी मोबाईल खाली ठेवला.

“मला बी लागलीया,” त्या म्हणाल्या. “तवा टाक.”